सातवी वजाबाकी



गणित अध्यापकांसमोर अध्यक्षाने अभ्यासक्रमावर आणि धोरणांवर बोलावं असा रिवाज आहे. मी आज एका वजाबाकीवर बोलणार आहे.

हातातल्या पत्रिकेच्या मागे १९०५ लिहा. अंक उतरत्या क्रमाने मांडले की ९५१०, चढत्या क्रमाने ०१५९. वजा करा: ९३५१. उत्तराला पुन्हा तेच करा. पुढे ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या वजाबाकीला ६१७४. आता हलायचं नाव नाही, कारण ७६४१ मधून १४६७ गेले की पुन्हा ६१७४च उरतात. चारही अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत इथेच येते.

१९०५ मुद्दाम घेतलं. त्या वर्षी डहाणूला दत्तात्रय रामचंद्र कापरेकर जन्मले. फर्ग्युसनमध्ये शिकताना १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं. १९३० ते १९६२ ते देवळालीत शाळामास्तर होते. पदव्युत्तर शिक्षण झालेलं नव्हतं. ६१७४चा हा गुण त्यांनी १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडला. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात कापरेकरांबद्दल लिहिलं, तेव्हा त्यांचं नाव दूरवर पोहोचलं. मास्तरांना निवृत्त होऊन तोवर तेरा वर्षं झाली होती.

आपण वर्गात काय करतो? ६१७४ जादू म्हणून दाखवतो, मुलं टाळ्या वाजवतात, तास संपतो. मीही वर्षानुवर्षं हेच केलं. एकदा मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, पण असं का होतं?” मी म्हणालो, “उद्या सांगतो.” त्या रात्री पहिल्यांदा कागद घेऊन बसलो.

उतरते अंक अ, ब, क, ड धरा. वजाबाकी केली की उत्तर येतं ९९९ गुणिले (अ − ड) अधिक ९० गुणिले (ब − क). म्हणजे चार अंक विसरा, दोन फरक पुरतात. पहिला फरक १ ते ९. दुसरा शून्यापासून फार तर पहिल्याएवढा. एकूण जोड्या २ + ३ + … + १०, म्हणजे ५४. जवळजवळ नऊ हजार संख्या पहिल्याच वजाबाकीत ५४ उत्तरांत गोळा होतात! ती चोपन्न उत्तरं तपासणं आठवीच्या वर्गाला एका तासाचं काम आहे, आणि तपासली की सिद्धता पुरी झाली.

६१७४ या संख्येत आणखीही मौज आहे. अंकांची बेरीज १८. १८ने भागलं तर ३४३, म्हणजे सातचा घन. अठराचा घन, वर्ग आणि स्वतः अठरा मिळवले तरी ६१७४च.

हीच वजाबाकी केली तर तीन अंकी संख्यांचा मुक्काम ४९५. दोन अंकी मात्र ९, ८१, ६३, २७, ४५ अशा फेऱ्यात फिरत राहतात. पाच अंकींनाही एक मुक्काम नाही. त्याही फेऱ्यांतच अडकतात.

माझी विनंती एवढीच: उद्या फळ्यावर ६१७४ आलं की टाळ्यांसाठी थांबू नका. खडू मुलांच्या हाती द्या आणि पाच अंकी संख्या मांडायला सांगा.