संकेतस्थळाचा पाया

घराच्या भिंती उभ्या राहिल्या, रंगरंगोटी झाली, वास्तुशांतीच्या पंगती उठल्या, आणि मग घरधन्यास आठवलें कीं, घराकडे येणारा रस्ताच ठेवावयाचा राहिला, असें सहसा घडत नाहीं. संकेतस्थळांच्या बाबतींत मात्र तें नित्य घडतें. समजा, पुण्यांतील एका जुन्या प्रकाशन-संस्थेनें आपल्या ३०० पुस्तकांसाठीं संकेतस्थळ करविलें. चित्रें सुरेख, मांडणी देखणी, उद्घाटनास पाहुणेहि मोठे. सहा महिन्यांनीं असें आढळतें कीं, नागपूरची एखादी वाचक किंवा लंडनमधील एखादा मराठी विद्यार्थी त्याच संस्थेच्या पुस्तकाचें नांव शोधयंत्रांत घालतो, तेव्हां त्याच्यासमोर भलत्याच विक्रेत्याचें पान येतें. ज्यानें पुस्तक छापलें त्याचा पत्ता नाहीं! मग धांवाधांव होते आणि 'सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन' जाणणाऱ्या तज्ज्ञास पाचारण केलें जातें. मराठींत ह्यास वरातीमागून घोडें म्हणतात.

ह्या लांबलचक नांवाचा अर्थ तसा साधा आहे. शोधयंत्रास आपलें पान सांपडावें, तें त्याला वाचतां यावें, आणि कोणी त्या विषयाचा प्रश्न विचारला असतां त्याला तें आठवावें, अशा बेतानें संकेतस्थळाची रचना करणें, एवढाच तो अर्थ. हें काम शेवटीं करावयाच्या रंगकामासारखें आहे, ही समजूत चुकीची आहे. आणि ती कां चुकीची, हें शोधयंत्र कसें चालतें तें पाहिल्यावांचून कळावयाचें नाहीं.

गूगल किंवा बिंग ह्यांसारखें शोधयंत्र प्रश्न विचारल्यावर जगभर हिंडावयास निघत नाहीं. त्याचें वाचन आधींच झालेलें असतें. क्रॉलर नांवाचा प्रोग्रॅम एका पानावरील दुव्यावरून दुसऱ्या पानावर, तेथून तिसऱ्यावर, असा अखंड फिरत असतो. त्यानें आणलेल्या मजकुराची, ग्रंथाच्या शेवटीं असते तशी, एक अवाढव्य सूची तयार होते, आणि उत्तर मिळतें तें त्या सूचींतून. सूचींतील कोणतें पान वर घ्यावयाचें, ह्याविषयीं स्टॅनफर्ड विद्यापीठांतील सर्गेई ब्रिन व लॅरी पेज ह्या दोघा विद्यार्थ्यांनीं १९९८ सालीं एक निबंध प्रसिद्ध केला. इतर पानांनीं दिलेले दुवे ही एक प्रकारची शिफारसच होय, आणि शिफारस करणारा जितका प्रतिष्ठित तितकें तिचें वजन अधिक, ही त्यांतील मुख्य कल्पना. आज इतर पुष्कळ कसोट्या तिच्या जोडीला आल्या आहेत; पण दुव्यांचें महत्त्व नाहींसें झालेलें नाहीं.

ह्यांतून प्रकाशकाच्या पदरीं काय येतें? क्रॉलर दुव्यांवरून चालतो. चौकटींत नांव लिहून शोध घेणें, हें साधारणतः त्याचें काम नव्हे. 'लेखकाचें नांव येथें लिहावें' अशी एकच चौकट ठेवून तिच्यामागें ३०० पुस्तकें ठेवलीं, तर तीं पुस्तकें कुलुपबंद कपाटांत ठेवल्यासारखींच होत. विषयवार, लेखकवार याद्या आणि प्रत्येक पुस्तकास स्वतंत्र पान, ही व्यवस्था आराखडा काढतांनाच करावी लागते. पानाचा मथळा, त्याखालील दोन ओळींचें वर्णन, ह्या गोष्टी मागाहूनहि सुधारतां येतात. एखादा कारकून आठवडाभरांत तें काम उरकील. वाटा, पत्ते आणि अक्षरें मात्र पायांतच बसलेलीं असतात.

अक्षरांची हकीगत मराठी माणसानें विशेष लक्षांत ठेवण्याजोगी आहे. सर्व लिप्यांना एकच सांकेतिक व्यवस्था देणाऱ्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तींत, म्हणजे १९९१ सालींच, देवनागरीला स्थान मिळालें होतें. तरीहि त्या दशकाच्या अखेरीस मराठी वृत्तपत्रें व नियतकालिकें इंटरनेटवर आलीं, तीं बहुधा आपापले खासगी फाँट घेऊन. त्या संपादकांना अदूरदर्शी म्हणणें अन्यायाचें होईल; घरोघरच्या संगणकांना युनिकोडमधील देवनागरी नीट दाखवितांच येत नव्हती, आणि विंडोजमध्यें ती सोय २००० सालच्या आवृत्तीपासून झाली. तोंवर 'शिवाजी', 'किरण' अशा फाँटांनीं काम चालविलें. ह्या फाँटांची युक्ति अशी: यंत्रांत सांठवावयाचीं रोमन अक्षरें व चिन्हें, आणि त्यांच्यावर चढवावयाचा देवनागरीचा वेष. वाचकाच्या डोळ्यांना 'महाराष्ट्र' दिसे. शोधयंत्रास मात्र अर्थहीन रोमन अक्षरांची माळ दिसे. त्यांतहि प्रत्येक फाँटाची माळ निराळी. पुढें लोक युनिकोडमध्यें मराठी शब्द लिहून शोधूं लागले, तेव्हां वर्षानुवर्षांचे अग्रलेख, कथा, परीक्षणें त्यांच्या हातीं लागेनात. मजकूर होता, छापल्यासारखा स्वच्छ दिसतहि होता, पण सूचींत त्याची नोंद मराठी म्हणून झालीच नव्हती. रूपांतर करणारे प्रोग्रॅम नंतर निघाले खरे. परंतु जेथें तें काम कोणी हातीं घेतलें नाहीं, तेथील मजकूर शोधणाऱ्याच्या दृष्टीनें नसल्यासारखाच राहिला. उलट, मराठी विकिपीडिया २००३ सालीं सुरू झाला तो युनिकोडमध्येंच, त्यामुळें त्याला मागाहून लिपी बदलण्याचे कष्ट पडले नाहींत.

हा दोष आतां संपला, असें मानण्याचें कारण नाहीं. त्यानें केवळ रूप पालटलें आहे. सुंदर वळणाच्या अक्षरांत मजकूर जुळवून त्याचें चित्रच पानावर डकविण्याची हौस आजहि दांडगी आहे. चित्रांतील अक्षरें वाचण्याची कला यंत्रांना साधूं लागली आहे. तथापि मजकूर मजकुराच्याच रूपांत देणें, हाच खात्रीचा मार्ग.

पत्त्यांचेंहि तसेंच. वर्ल्ड वाइड वेबचे जनक टिम बर्नर्स-ली ह्यांनीं १९९८ सालींच बजावलें होतें कीं, चांगले पत्ते बदलत नसतात. कारण उघड आहे: कोणी एखाद्या पुस्तकाच्या पानाचा दुवा आपल्या लेखांत दिला, तर ती शिफारस त्या पत्त्याच्या नांवें जमा होते. दोन वर्षांनीं नव्या कारागिराकडून संकेतस्थळ पुनः बांधून घेतलें, पत्ते बदलले, कीं जमा झालेलें सारें वाऱ्यावर जातें. जुन्या पत्त्यावरून नव्यावर कायमचें पाठविण्याची '३०१' नांवाची सोय आहे; ती निदान एक वर्ष ठेवावी, असें गूगलचें सांगणें आहे. पत्ता देवनागरींत ठेवावा कीं रोमनमध्यें, हाहि प्रश्न आरंभींच सोडवावा. देवनागरी पत्ता वाचावयास गोड, पण त्याची नक्कल करून पाठवितांना पुष्कळदां प्रत्येक वर्णचिन्हाचीं नऊ रोमन चिन्हें होतात. 'मराठी' एवढ्या एका शब्दाचीं ४५! दोन्ही मार्ग चालतात. मध्येंच मार्ग बदलणें तेवढें महागांत पडतें.

मोबाईलविषयीं एवढेंच पुरे कीं, मोठ्या पडद्यावरचें पान नव्हे, तर मोबाईलवर दिसणारें पान प्रमाण मानण्याचा संकल्प गूगलनें २०१६ सालीं जाहीर केला व २०२३ सालीं तो पुरा केला.

येथें कोणी विचारील, यंत्रासाठीं लिहावयाचें म्हणजे भाषेची हेळसांड नव्हे काय? ह्या धंद्यांत भोंदू पुष्कळ आहेत, त्यामुळें शंका रास्त आहे. एकच शब्द पन्नास वेळां घुसडणें, पानाच्या पोटांत शब्दांच्या गुप्त याद्या ठेवणें, असले उपाय अद्यापि विकले जातात. वस्तुतः अशा याद्यांकडे आपण पाहतहि नाहीं, असें गूगलनें २००९ सालींच सांगून टाकलें आहे. पहिला क्रमांक मिळवून देण्याची हमी कोणालाच देतां येत नाहीं. जो देतो त्यास दारांतूनच परत पाठवावें. खरा तज्ज्ञ आधीं विचारतो, हें पुस्तक कोण शोधणार, आणि कोणत्या शब्दांनीं? 'बालवाङ्मय' असें प्रकाशक लिहितो. आई मात्र 'लहान मुलांच्या गोष्टी' असें शोधते. दोन्ही शब्द पानावर सहज नांदूं शकतात, आणि त्यानें भाषा बिघडत नाहीं.

असा माणूस बोलवावयाचा तर तो नव्या बांधकामाचा विचार चालूं असतांनाच, असा गूगलचाहि सल्ला आहे. केलेल्या सुधारणांचें फळ दिसावयास चार महिन्यांपासून एक वर्षपर्यंत काळ लागूं शकतो. आराखड्याच्या वेळीं तासाभरांत सुटणारा प्रश्न उद्घाटनानंतर सर्व पानें उकलावयास लावतो, तो खर्च निराळाच.

आणि एक लहानशी ओळ. क्रॉलरनें कोठें जावें, कोठें जाऊं नये, हें सांगणारी एक फाईल संकेतस्थळाच्या दारांत ठेवण्याची रीत १९९४ सालीं मार्टिन कोस्टर ह्या डच अभियंत्यानें सुचविली. ती आजतागायत चालत आली आहे. काम चालूं असतां अर्धवट पानें बाहेर जाऊं नयेत म्हणून कारागीर त्या फाईलींत 'कोणींहि आंत येऊं नये' अशा अर्थाची ओळ लिहून ठेवतात, आणि तें योग्यच आहे. पुढें उद्घाटनाच्या गडबडींत ती पुसावयाची राहून जाते. पाहुणे येतात, भाषणें होतात, पेढे वांटले जातात, आणि क्रॉलर बिचारा ती ओळ वाचून मुकाट्यानें परत फिरतो. त्या दिवशीं नारळ कोणी फोडावयाचा हें महिनाभर आधीं ठरलेलें असतें; ती ओळ कोणी पुसावयाची, हेंहि त्याच बैठकींत नांवानिशीं ठरवून ठेवावें.