ध्वनिमुद्रिकांचे जतन

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



गायनशास्त्रात आमचा अधिकार नाही. तरीही आज उभे राहिलो आहोत, ते एका घरगुती कर्तव्याची आठवण देण्यासाठी. आपल्यापैकी कित्येकांच्या माळ्यावर वाडवडिलांनी हौसेने घेतलेल्या तबकड्या धूळ खात पडलेल्या आहेत.

त्यांचे मोल नाशिककरांस सांगावयास नको. पं. विष्णु दिगंबर पलुसकरांनी आपल्या नाशकात रामनाम आधार आश्रम चालविला. त्यांचे चिरंजीव दत्तात्रेय, म्हणजे बापूराव, १९२१ साली येथेच जन्मले आणि १९५५ च्या ऑक्टोबरात, वयाची पस्तिशीही न गाठता, निवर्तले. त्यांना समोर बसून ऐकलेली माणसे आता विरळा. उरला तो तबकडीतला आवाज.

बापूरावांची अशीच एक तबकडी आमच्या तीर्थरूपांनी जिवापाड जपली होती. ते ती कोरड्या मऊ फडक्याने पुशीत. त्यांच्या पश्चात आम्ही, अधिक शहाणे म्हणून, ती स्पिरिटने पुसली. तबकडीची झिलई गेली, आणि पुन्हा लावली तेव्हा खरखरीखेरीज काही ऐकू येईना. जुन्या तबकडीत लाख असते आणि सुतार चपडी लाख स्पिरिटात विरघळवूनच पॉलिश करतो, हे आम्ही जन्मभर पाहिले होते. पण वेळेवर आठवले नाही! आमची चूक आपल्या घरी होऊ नये, एवढ्यासाठीच हे बोलणे.

तबकड्या मुख्यत्वे दोन जातींच्या. लाखेची तबकडी मिनिटास ७८ फेरे घेते. दहा इंची तबकडीची एक बाजू सुमारे तीन मिनिटे वाजते. १९४८ साली अमेरिकेत आलेली विनाइलची दीर्घ तबकडी ३३ व एक तृतीयांश फेरे घेते आणि एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक गाणे देते. दोहोंच्या खाचा भिन्न, म्हणून सुयाही भिन्न. चावीच्या ग्रामोफोनवर विनाइलची तबकडी कदापि लावू नये; तेथील जड पोलादी सुई तिची खाच खरवडून काढते. त्या ग्रामोफोनवर लाखेची तबकडी लावताना मात्र दर बाजूस नवी सुई घालावी.

विजेचे यंत्र मांडताना प्रथम पाणसळ ठेवून ते समपातळीत आणावे. स्पीकर त्याच टेबलावर ठेवू नयेत. त्यांचा कंप सुईत शिरतो. मग आर्मच्या मागचे वजन पुढेमागे करून आर्म तराजूच्या दांडीसारखा अधांतरी स्थिर करावा, आणि तेथून सुईच्या कारखानदाराने सांगितला असेल तेवढाच भार द्यावा. पुष्कळ सुयांस तो दीड-दोन ग्रॅम असतो. भार अधिक झाला तर खाच झिजते, हे सहज पटते. परंतु फार कमी झाला तरी सुई खाचेत उड्या मारते व तीच हानी करते.

तबकडी कडेने धरावी, खाचांस बोट लावू नये. पुसावयाचे ते खाचांच्या दिशेने, गोल, आडवे नव्हे. विनाइलच्या तबकडीस ऊर्ध्वपातित पाण्याने किंचित ओलावलेले फडके चालते. मधली चिठ्ठी मात्र भिजू देऊ नये. तबकड्या ग्रंथांप्रमाणे उभ्या ठेवाव्यात. एकावर एक रचल्यास लाखेच्या तडकतात, विनाइलच्या वाकतात. पत्र्याखालचा माळा तर वैशाखात भट्टीच होतो.

बंधुभगिनींनो, एवढे केल्यास आवाज आणखी दोन पिढ्या टिकेल. घरी जाताच तबकड्या खाली उतरवा, त्यांची यादी करा, आणि मुलानातवांकडून गाणी संगणकावर उतरवून घ्या. ज्यांच्या घरी बापूरावांची तबकडी असेल, त्यांनी आम्हांस ऐकावयास अवश्य बोलवावे. पुसण्याचे काम मात्र आमच्याकडे देऊ नये!