शिकवणाऱ्याला वेळ द्या
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा संपादित मजकूर)



चाकण, रांजणगाव, वाळूज, अंबड या औद्योगिक वसाहतींत फर्स्ट शिफ्टच्या बसमधून उतरणाऱ्या पोरांपैकी काहींचा तो कंपनीतला पहिलाच दिवस असतो. वय अठरा-एकोणीस, शिक्षण बारावी किंवा आयटीआय. गेटवर नोंदणी होते, सेफ्टीवर तासभर कुणीतरी बोलतं, चार कागदांवर सह्या होतात आणि जेवणाच्या सुट्टीआधी तो लाइनवर उभा असतो. ‘याचं बघ आणि तसंच कर,’ एवढं सांगून सुपरवायझर पुढे जातो. या ‘बघ आणि कर’पायी आपलं फार मोठं नुकसान होतं आहे, हे मला आज मांडायचं आहे. दोष त्या पोराचा नाही. बहुतेक कारखान्यांत शिकवणं हे कुणाचंच काम नसतं, हे खरं दुखणं आहे.

सीएनसी लेथचं उदाहरण घेऊ. पाहणाऱ्याला वाटतं, सगळं मशीनच करतं. पोराने जॉब लावायचा, दार ओढायचं, बटण दाबायचं. तेवढं अर्ध्या दिवसात येतं. मग त्याच्या हातात मायक्रोमीटर येतो आणि दर पाचवा जॉब मोजायला सांगतात. समजा, ५० मिलिमीटर व्यासाचा पोलादी शाफ्ट आहे आणि टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, एकूण २० मायक्रॉनचा. कूलंट नीट पडत नव्हता, म्हणून नुकताच उतरवलेला जॉब वीसेक अंशांनी गरम आहे. तापलेलं पोलाद फुगतं. एवढ्या तापमानाला या शाफ्टचा व्यास साधारण १२ मायक्रॉन जास्त भरतो. पोराला माप वरच्या मर्यादेबाहेर दिसतं. तो प्रामाणिकपणे ऑफसेट देतो, म्हणजे मशीनला तेवढा जास्त धातू काढायला लावतो, आणि माप बरोबर मधोमध आणून ठेवतो. पुढचे जॉब थंड झाले की खालच्या मर्यादेच्याही २ मायक्रॉन खाली जातात. ट्रॉलीभर माल रिजेक्शनला. एकदा काढलेला धातू परत लावता येत नाही, त्यामुळे तो भंगारातच जायचा.

अशा वेळी सगळे म्हणतात, ‘सांगितलं होतं ना, जॉब थंड करून मोज!’ सांगितलं असेलही. पण का, ते सांगितलं नव्हतं. कारण माहीत नसलेली सूचना थर्ड शिफ्टला, नग कमी पडायला लागले की, सगळ्यात आधी गळते. कारण कळलेला पोरगा मात्र दुसऱ्या मशीनवर गेला, दुसऱ्या कंपनीत गेला, तरी ती खबरदारी सोबत नेतो.

अमेरिकेत १९४० साली हीच अडचण आली होती. युद्धसामग्रीचे कारखाने भराभर वाढत होते, जाणते कारागीर अपुरे होते आणि दारात उभे होते शेतावरून आलेले तरुण. पुढे कारखान्याची पायरी प्रथमच चढणाऱ्या स्त्रियाही आल्या. तेव्हा ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ नावाचा सरकारी उपक्रम निघाला. त्याने नवख्यांऐवजी त्यांच्या सुपरवायझरांना वर्गात बसवलं. दहा तासांत त्यांना शिकवायचं कसं ते शिकवलं. कामाच्या पायऱ्या पाडा, प्रत्येक पायरीतली कळीची गोष्ट वेगळी काढा आणि तिचं कारण सांगा. शिकणाऱ्याची भीड मोडा, करून दाखवा, त्याच्याकडून करून घ्या आणि करताना त्याला बोलायला लावा. नंतर पुन्हा पुन्हा येऊन बघा. पाच वर्षांत १६ लाखांहून अधिक जणांनी हे शिक्षण घेतलं. युद्धानंतर ही पद्धत जपानला गेली आणि टोयोटाने ती आपल्या कामात मुरवली. टोयोटाच्या शिस्तीचं कौतुक आपण करतो, तेव्हा तिच्या मुळाशी असलेला हा शिकवण्याचा भाग सहसा सांगितला जात नाही.

जर्मनीत शिकाऊ मुलगा आठवड्यातले एक-दोन दिवस शाळेत आणि बाकीचे कारखान्यात असतो. तिथे कंपनीत शिकवणाऱ्यालाही आधी परीक्षा द्यावी लागते.

आपल्याकडे हा विचार परका नव्हता. लक्ष्मणराव किर्लोस्कर स्वतः मुंबईत व्हीजेटीआयमध्ये शिक्षक होते. १९१० साली त्यांनी माळावर किर्लोस्करवाडी वसवली, तेव्हा तिथे तयार कारागीर कुठून मिळणार? खेड्यातल्या माणसांना हाताशी धरून घडवावंच लागलं. सुमंत मुळगावकरांनी टेल्कोचा पुण्याचा कारखाना उभारताना प्रशिक्षण विभागाला आरंभीच जागा दिली. पिंपरी-चिंचवडच्या कितीतरी लघुउद्योजकांची सुरुवात अशाच शिकाऊ उमेदवारीतून झाली.

कायदाही आहे. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ सालचा. ३० किंवा त्याहून अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला आज एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावे लागतात. पण आकडा भरला म्हणजे शिक्षण झालं असं होत नाही. फिटरचा शिकाऊ म्हणून घेतलेला मुलगा वर्षभर एकाच स्टेशनवर तेच चार बोल्ट आवळत असेल, तर तो स्वस्तातला कामगार आहे, आणि तसं करणाऱ्याने त्याच्या आयुष्यातलं वर्ष फुकट घालवलं आहे. राज्य सरकारच्या २०२४ च्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी झालेल्याला महिना ६,००० रुपये ठरले. गरीब घराला हा मोठा आधार आहे. पण विद्यावेतनाने हात तयार होत नाही.

न शिकवण्याची किंमत बोटांनीही चुकती होते, हे बोलताना मला जड जातं. ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था २०१९ पासून वाहनउद्योगातल्या जखमी कामगारांवर अहवाल काढते आहे. हरियाणाच्या पट्ट्यातली पॉवर प्रेसवर बोटं गमावलेली माणसं त्यात भेटतात. प्रेसला दोन बटणं असतात, ती दोन्ही हातांनी एकदम दाबायची. म्हणजे प्रेस खाली येताना एकही हात डायमध्ये राहत नाही. नग वाढावेत म्हणून एखादं बटण खुंटी ठोकून कायमचं दाबून ठेवलं जातं. ती दोन बटणं कशासाठी आहेत, हे पहिल्या दिवशी प्रेससमोर उभं करून सांगायला दहा मिनिटं लागतात. खुंटी दिसली तर लाइन थांबवायची हिंमत मात्र मालकाने दाखवायची असते.

या सभागृहात कारखानदार आहेत, सुपरवायझर आहेत, पालकही आहेत. कारखानदारांना माझी विनंती आहे: नव्या मुलाचा पहिला आठवडा उत्पादनात धरू नका आणि त्याला शिकवणाऱ्या जुन्या ऑपरेटरचे तेवढे नग टार्गेटमधून वजा करा. सुपरवायझरांनो, आपल्या लाइनवरचं एक काम घ्या आणि त्याच्या पायऱ्या व कारणं एका कागदावर मराठीत लिहून काढा. पालकहो, मुलगा महिन्याने घरी आला की पगाराआधी त्याला विचारा, ‘काय करतोस आणि ते तसंच का करतोस?’ त्याला सांगता आलं नाही, तर त्याने ते कंपनीत जाऊन विचारलं पाहिजे. आयटीआयचे निकाल लागले की नवी बॅच येईल. त्याआधी एवढी तयारी करून ठेवा.