लोणारची सहल ठरवताना

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी कोणी शिकल्यासवरलेल्या बाई बोलतात. यंदा सहलीचा विषय निघाला आणि कार्यकारिणीने मला म्हटले, तुम्ही लोणार पाहिले आहे, तुम्हीच बोला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. जे पाहिले, वाचले आणि विचारून घेतले, तेवढेच सांगते.

तळ्याकाठी जायचे हे सर्वांना पसंत आहे. पण मेहरूणचा तलाव जळगावकरांच्या रोजच्या फिरण्यातला आणि नकाण्याचा तलाव धुळेकरांच्या. एरंडोलजवळचे पद्मालय, तिथली कमळे आणि गणपतीचे देऊळ मला फार प्रिय आहे. पण तिथे आपण इतक्यांदा गेलो की ते माहेरच झाले. म्हणून लोणारचे नाव पुढे आले.

लोणार बुलढाणा जिल्ह्यात आहे. गावाला लागूनच जमिनीत एक प्रचंड वाटी आहे. वरच्या काठापाशी ती सुमारे 1.8 किलोमीटर रुंद आहे, आणि काठापासून पाणी जवळजवळ 140 मीटर खाली. आकाशातून उल्का आदळली आणि आपल्याकडच्याच काळ्या पाषाणात हा खड्डा पडला. अशा पाषाणातली उल्केची विवरे साऱ्या पृथ्वीवर मोजकीच आहेत. ही गोष्ट कधीची, यावर पंडितांचे एकमत नाही. पूर्वी पन्नास हजार वर्षे म्हणत, नंतरच्या तपासणीत पावणेसहा लाखांचा आकडा निघाला. आपल्या जुन्या लोकांनी लवणासुराची कथा सांगितली. विष्णूने त्या दैत्याला मारले, म्हणून गावात दैत्यसूदनाचे देऊळ आहे.

पाणी खारट आणि आपल्या धुण्याच्या सोड्यासारखे बुळबुळीत आहे. मंडळात पापड करणाऱ्या बायकांना हे चटकन कळेल, कारण पूर्वी या तळ्यातून खार काढीत असत. पापडी, भुसकी अशी त्याच्या प्रकारांची नावे होती. काच आणि साबण करायचे जिन्नस इथे मिळतात अशी नोंद अकबराच्या वेळच्या ‘ऐन-इ-अकबरी’त आहे. 2020 च्या जून महिन्यात हे पाणी एकाएकी गुलाबी झाले, ती छायाचित्रे तुम्ही वर्तमानपत्रांत पाहिली असतील. लोकांनी नाना तर्क केले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासले, तेव्हा खारट पाण्यात वाढणारे सूक्ष्म जीव त्यात सापडले. पाणी आटून खारटपणा वाढला की त्यांचे फावते. नमुन्यातले ते जीव तळाशी बसले आणि वरचे पाणी नितळ राहिले. म्हणजे रंग पाण्याचा नव्हताच. त्याच वर्षी या तळ्याचे नाव जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेले.

आता मुद्द्याचे बोलते. मागच्या बैठकीत एक सूचना आली की, ज्यांना खाली उतरता येते त्यांनीच नाव द्यावे, बाकीच्यांचा खोळंबा होतो. सुचवणारीच्या मनात वाईट काही नव्हते. उतरणे अवघड नाही. पण तेवढेच वर चढताना चांगल्या धडधाकट बाईलाही धाप लागते. तरी मला ही सूचना मान्य नाही. ज्यांच्या ओसरीवर आपले पहिले पापड लाटले गेले त्या मावशी आज शहात्तर वर्षांच्या आहेत. तिसऱ्या रांगेत बसून ऐकताहेत. परवा मी त्यांना विचारले, तर म्हणाल्या, “मी बी येसू. वरतूनच दखसू.”

आणि वरूनच तर ते खरे दिसते! खाली गेल्यावर झाडी आणि पाणी. वाटी म्हणून ते काठावरूनच कळते. दैत्यसूदनाचे देऊळ गावात, सपाटीवर आहे. बाहेरच्या भिंतीवरचे कोरीव काम पाहताना दोन तास कमी पडतात. गोमुखातून बारमाही पडणारी गोड्या पाण्याची धार काठाजवळच आहे. इतक्या खाऱ्या तळ्याच्या कडेला गोडे पाणी, याचे मला सर्वांत जास्त नवल वाटले. तेव्हा माझे म्हणणे असे की, सकाळी उन्हाच्या आत ज्यांना उतरायचे त्यांनी वाटाड्या घेऊन उतरावे, बाकीच्यांनी देऊळ आणि धार पाहावी, आणि जेवायला सगळ्यांनी काठावर एकत्र बसावे. खाली काठावर कमळजा देवीचे मंदिर आहे. पण पाण्याची पातळी वर्षावर्षाला बदलते, म्हणून वाट मोकळी आहे ना हे वनखात्याला आधी विचारून घ्यावे.

जळगावहून अंतर सुमारे दोनशे किलोमीटर आहे. मलकापूर, बुलढाणा, मेहकर या वाटेने पाच तास तरी धरावेत. धुळ्याच्या भगिनींना जळगावपर्यंतचे शंभरेक किलोमीटर आणखी. म्हणजे एक मुक्काम आलाच. पर्यटन महामंडळाचे निवासस्थान तिथे आहे, जागा आधी सांगून ठेवावी लागेल.

मुक्काम म्हटल्याबरोबर काही जणींचे चेहरे उतरले ते मी पाहिले. चैत्रात सप्तशृंगीच्या गडावर पायी जाताना खानदेशातल्या कितीतरी बायका रस्त्यात मुक्काम करतात, तेव्हा घरी कोणी नको म्हणत नाही. देवीचे नाव घेतले की परवानगी मिळते. लोणारलाही देवी आहे. ज्यांना ते नाव सांगून सुटता येईल त्यांनी खुशाल सांगावे. मी मात्र घरी सरळ सांगितले की, मला तळे पाहायला जायचे आहे. दोन दिवसांचे पीठ मळून ठेवणार नाही, हेही सांगितले. यजमान हसले. हो म्हणाले.

खर्चाचे पाहू. 2023 पासून एस.टी.त बायकांना अर्धे तिकीट आहे, आणि पंचाहत्तरीच्या पुढच्यांना त्याच्या आदल्या वर्षापासून तिकीटच नाही. पण ही सवलत रोजच्या गाड्यांना, आणि त्या मध्ये बदलाव्या लागणार. दुखऱ्या गुडघ्यांनी स्थानकांवर चढउतार करण्यापेक्षा प्रासंगिक करारावर एकच गाडी घ्यावी, महाग पडली तरी. ज्यांना वर्गणी जड जाते त्यांची रक्कम पापडांच्या शिलकीतून भरावी आणि नावे वहीत लिहू नयेत, एवढी माझी कोषाध्यक्षांना विनंती आहे.

नवरात्रात देवीची यात्रा भरते, गर्दी फार असते. पावसात वाट निसरडी होते आणि उन्हाळ्याचे तर बोलायलाच नको. म्हणून मार्गशीर्ष बरा. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि कळण्याच्या भाकऱ्या फडक्यात बांधून न्याव्यात; प्लास्टिकच्या पिशव्या नकोत. धुळ्याच्या भगिनी भरताची वांगी भाजून आणणार म्हणतात, पण भरिताच्या बाबतीत जळगावकरांनी हार मानू नये. पाण्यात नारळ, निर्माल्य, दिवे काही सोडायचे नाही. ते अभयारण्य आहे, आणि त्या पाण्यात जे जगते ते दुसरीकडे सहसा जगत नाही.

सूचनेवर मत आजच घ्यावे, मावशी इथे बसलेल्या असतानाच. त्यानंतर नावे माझ्याकडे मंगळवारपर्यंत द्यावीत. उतरणार की वर थांबणार तेही नावापुढे लिहावे, म्हणजे वाटाडे किती लागतील ते कळेल.