जुनी आज्ञावली आणि नवा मदतनीस



गारखेड्यातल्या या व्यासपीठावर एका कामगार-कार्यकर्त्याने संगणकावर बोलावे, याचे आपल्यापैकी कित्येकांना नवल वाटेल. मी कॉलेजची पायरी चढलेलो नाही. परंतु भविष्यनिर्वाह निधीचा अर्ज नाकारला गेला म्हणून जो कामगार आमच्याकडे येतो, त्याचा कागद आता पुष्कळदा साहेबाच्या टेबलावर नसतो; तो संगणकात अडकलेला असतो. तेव्हा तेथील कारभार समजून घेणे आम्हाला भागच पडले.

संगणकाला ओळीने दिलेले हुकूम म्हणजे आज्ञावली. तरुण मंडळी त्याला कोड म्हणतात. कचेऱ्या, पतपेढ्या, कारखाने यांची कित्येक कामे आजही फार वर्षांपूर्वी लिहिलेल्या कोडावर चालतात. लिहिणारे निघून गेले आणि टिपणे कोणी ठेवली नाहीत. आता या जुन्या कोडाच्या दुरुस्तीला एआयचा मदतनीस आला आहे. त्याला साध्या भाषेत काम सांगावे; तो हजारो ओळी वाचतो, बदलतो आणि चालवूनही पाहतो. तो नुसता सल्ला देत नाही, स्वतः हात घालतो. हेच त्याचे बळ, आणि धोकाही यातच.

एक उदाहरण घ्या. आपल्याकडे जुन्या पिढीतल्या असंख्य लोकांची जन्मतारीख १ जून आहे. आईबापांना तारीख ठाऊक नव्हती, गुरुजींनी शाळेत नाव घालताना १ जून लिहून टाकली. समजा, एका गावची, एकाच नावाआडनावाची, १ जूनलाच जन्मलेली दोन माणसे एका कारखान्यात आहेत. जुन्या कोडात कोणा जाणत्या माणसाने त्यांना वेगळे ठेवण्यासाठी एक वाकडीतिकडी ओळ घातलेली असते. नव्या मदतनिसाला ती ओळ निरुपयोगी वाटली, त्याने ती काढली, आणि दोन माणसांची खाती एक झाली, तर? कोड पूर्वीपेक्षा सुबक दिसेल. पण एका म्हाताऱ्याचे पेन्शन थांबेल.

ही गोष्ट आपल्या शहराला नवी नाही. मलिक अंबराने सतराव्या शतकाच्या आरंभी खडकीला जमिनीखालून पाणी आणले. ती नहर-ए-अंबरी. पुढे आणखी नहरी झाल्या. त्यांच्या वाटेवर पाण्याचा दाब सांभाळण्यासाठी बंबे उभारले होते. ज्याला नहर ठाऊक नाही, त्याला बंबा म्हणजे वाटेतली अडगळ वाटेल. जुन्या कोडातल्या विचित्र ओळी पुष्कळदा असे बंबेच असतात. पाडण्याआधी खालून काय वाहते ते पाहिले पाहिजे.

न पाहता हात घातला की काय होते, याचा दाखला ताजा आहे. २०२५ च्या जुलैत अमेरिकेतील एक उद्योजक जेसन लेमकिन रेप्लिट कंपनीचा मदतनीस वापरीत होते. कोडात काही बदलू नको, असे त्यांनी त्याला बजावले होते. तरीही त्याने चालू माहितीसाठा पुसून टाकला. वर, माहिती परत आणता येणार नाही, असेही सांगितले. प्रत्यक्षात ती आणता आली. कंपनीच्या प्रमुखांनी माफी मागितली. यातून मी एवढेच घेतो की, नुसते बजावणे म्हणजे बंदोबस्त नव्हे. कुलूप लावले पाहिजे.

कारखान्यातल्या माणसाला हे पटवावे लागत नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमाचे २२ वे कलम आठवा. चालत्या यंत्राजवळ काम करायचे तर माणूस खास शिकवलेला हवा आणि त्याचे नाव नोंदवहीत हवे. त्या कायद्याची जागा आता नव्या संहितेने घेतली आहे. पण त्यामागचे शहाणपण जुने झालेले नाही. फिटर मुख्य स्विच बंद करतो, त्यावर आपली पाटी लावतो आणि मगच हात घालतो. तीच शिस्त येथे हवी.

पहिले, मदतनिसाला आधी वाचू द्यावे. हा भाग काय करतो, कशाला जोडलेला आहे, हे त्याने लिहून द्यावे आणि जाणत्या माणसाने ते तपासावे. दुसरे, बदलाआधी चाचण्या लिहाव्यात. अमुक अर्ज दिला की आज काय उत्तर येते, त्याची नोंद करावी. बदलानंतर तेच येते का ते पाहावे. त्या १ जूनच्या दोघांची चाचणी असती, तर चूक तेथेच उघडी पडली असती. तिसरे, चालू माहितीसाठ्याची किल्ली त्याला देऊच नये. खरी नावे काढलेल्या नकलेवर काम करवावे. चौथे, एका वेळी एकच लहान बदल, तोही माणसाने वाचून मान्य केल्यावरच. पाचवे, माहितीची राखीव प्रत ठेवावी आणि ती खरोखर परत लावता येते का, हे आधी करून पाहावे. आणि लोकांच्या अर्जातला मजकूर हा हुकूम नव्हे, हेही ध्यानात असावे. कोणी लबाडीने त्यात आज्ञा लिहिली, तर मदतनीस ती पाळू शकतो.

कोणी म्हणेल, एवढ्यात वेळ जातो. घाईची किंमत आपण पाहिली आहे. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिकांची तपासणी एकदम संगणकाच्या पडद्यावर नेली. निकाल महिनोन्‌महिने रखडले, मुलांचे पुढचे प्रवेश अडले, आणि ऑक्टोबरात कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. तेथे एआय नव्हता. घाई मात्र होती.

आता माझ्या धंद्याची गोष्ट. घाई वरून येते आणि ठपका खाली बसतो, हे मी आयुष्यभर पाहिले आहे. उद्या माहिती पुसली गेली की, कंत्राटावरच्या पोराला काढतील आणि साहेब म्हणतील, यंत्राने केले. म्हणून मदतनिसाला कोणती परवानगी दिली, कोणी दिली आणि मुदत कोणी ठरवली, याची नोंद नावानिशी असावी. ज्यांना जुना कोड ठाऊक आहे, अशा माणसांना मदतनीस आला म्हणून घरी पाठवू नये. तो बंबा कशासाठी आहे, हे त्यांनाच ठाऊक असते. मी यंत्राचा वैरी नाही. माझा आग्रह एवढाच की, यंत्र माणसाच्या देखरेखीखाली चालावे आणि त्या माणसाला नाही म्हणण्याचा अधिकार असावा.