टाकलेल्या खेळण्यातले सूर



कामगार चळवळीतल्या माणसाने संगीतावर बोलावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि कारखान्याच्या दारावर पुष्कळ झाले. तेव्हा आम्ही बोलणार ते रागदारीवर नव्हे, हातातल्या कामावर.

विश्रांतवाडीतल्या एका मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात आम्ही अधूनमधून बसतो. तेथे भंगारातून कधीमधी गेमबॉय येतो. निन्टेन्डो कंपनीने १९८९ साली जपानात काढलेले हे हातात मावणारे खेळणे. आपल्याकडची बहुतेक पोरे मात्र स्वस्त चिनी ब्रिक गेमवर वाढली. आतले सेल फुटून पट्ट्या गंजलेल्या असतात, आवाजाचे बटण खरखरते, पडद्यावरच्या उभ्या रेघा नाहीशा झालेल्या असतात. कारागीर व्हिनेगरने गंज उतरवतो, आणि पडद्याखालच्या पट्टीवरून डाख देण्याचे तापलेले हत्यार असे हलके फिरवतो की गेलेल्या रेघा एकेक करून परत येतात. हात जरा रेंगाळला की पडदा कायमचा गेला! ही कसब कोणत्या पुस्तकात सापडेल?

बरे, एवढे करून खेळायचे नाही, तर वाजवायचे. यंत्रात आवाज चारच. दोन चौकोनी तरंगांचे, एक बत्तीस बिंदूंनी आपण आखून द्यावयाचा, आणि चौथा नुसता खरखराट, ज्याचा ताल करतात. जर्मनीच्या ओलिव्हर विटशोव्ह यांचे नॅनोलूप आणि स्वीडनच्या योहान कोटलिन्स्की यांचे लिटल साउंड डीजे, या दोन कॅसेटी घातल्या की खेळणे वाद्य होते. चौकोनी आवाजाला स्वराच्या पायऱ्या २०४८ आहेत. पण त्या सारख्या नाहीत. खालच्या सप्तकात बारीक, वर जावे तशा मोठ्या. म्हणून तार सप्तकात कोमल ऋषभ हवा तेथे बसत नाही. जाणकार नाक मुरडतील. मुरडोत! १९४० साली ऑल इंडिया रेडिओने श्रुतींच्याच नावाने पेटीला दार बंद केले होते, आणि पेटी अजून वाजतेच आहे.

आमचे खरे दुखणे निराळे. केंद्र सरकारने २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल उघडले. चांगलेच झाले. पण तो हक्क ग्राहकाचा. दुरुस्त करणाऱ्याचा काय? याच पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, आणि कचरा वेचणाऱ्या बाईच्या हाती ओळखपत्र आले. तिने वेचलेल्या वस्तूत जो पुन्हा जीव घालतो, त्याची नोंद आम्हांस कोठे आढळली नाही. कंपनी त्याला नकाशा देत नाही, सुटा भाग देत नाही. धुरात बसून डोळे मात्र त्याचेच जातात.

त्या कारागिराला आम्ही दर विचारला. तो म्हणाला, "साहेब, गिऱ्हाईक देईल तो." येत्या रविवारी आमच्या भागातल्या अशा कारागिरांना आम्ही एकत्र बोलावले आहे. पहिला विषय दराचा तक्ता, दुसरा धूर ओढणारा पंखा.