सुखवस्तू गावाची कर्तव्ये

(साखरपट्ट्यातील एका तालुक्याच्या गावी झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



खेडे म्हटले की शहरी मध्यमवर्गाच्या डोळ्यांसमोर दोनच चित्रे उभी राहतात. एका चित्रात कोरडी विहीर, भेगाळलेली जमीन आणि कर्जात बुडालेला शेतकरी असतो. दुसऱ्या चित्रात चुलीवरची भाकरी, आमराई आणि सुट्टीपुरता निवांतपणा असतो. या दोन्ही चित्रांत न बसणारा एक तिसरा ग्रामीण महाराष्ट्र आहे. कृष्णा, वारणा, नीरा, प्रवरा यांच्या काठांवर तो गेल्या पाऊण शतकात उभा राहिला. लोणी-प्रवरानगर, अकलूज, वारणानगर, फलटण, संगमनेर ही त्याची काही नावे. ही गावे महानगरे नाहीत आणि परंपरागत अर्थाने खेडीही नाहीत. येथे सुबत्ता आहे. या सुबत्तेत राहणे म्हणजे नेमके काय, आणि त्या सुबत्तेने कोणती जबाबदारी अंगावर घेतली आहे, याचा विचार मात्र फारसा होत नाही.

वैभव कसे आले?

हे वैभव कुणी दान दिलेले नाही. प्रवराकाठाचेच उदाहरण घ्यावे. भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. कालव्याचे पाणी शिवारात आले, ऊस उभा राहिला. पण पाणी आले म्हणून शेतकरी श्रीमंत झाला नाही. गूळ कोणत्या भावाने जाणार हे पेठेतील व्यापारी ठरवी, आणि कर्जाचा हिशेब सावकाराच्या वहीत असे. या कोंडीतून बाहेर पडण्यासाठी विठ्ठलराव विखे पाटील गावोगाव फिरले आणि त्यांनी शेतकऱ्यांकडून भागभांडवल गोळा केले. धनंजयराव गाडगीळांसारखा मोठा अर्थशास्त्रज्ञ अध्यक्ष म्हणून त्यांच्या पाठीशी उभा राहिला. १९४८ मध्ये कारखान्याची नोंदणी झाली आणि १९५० मध्ये पहिला हंगाम सुरू झाला. आशियातील पहिला सहकारी साखर कारखाना म्हणून तो ओळखला जातो. शिवारातला शेतकरी आणि विद्यापीठातला विद्वान एका कामासाठी एकत्र आले, तेव्हा हे घडले. पुढे हाच कित्ता अन्यत्र गिरवला गेला. कारखान्यामागोमाग दूध संघ आला, पतसंस्था आली, शाळा, महाविद्यालय आणि रुग्णालय आले. पाऊण शतकापूर्वी जे गाव दवाखान्यासाठी बैलगाडी जुंपत असे, त्याच गावाच्या परिसरात आज डॉक्टर घडतात. सहकारात पुढे शिरलेले दोष सर्वांना ठाऊक आहेत. तथापि त्या दोषांमुळे मूळ पुरुषार्थ विसरणे हा कृतघ्नपणा ठरेल.

गावातले जगणे

अशा गावात राहण्याचे सुख खरे आहे. पहाटे दूध संकलन केंद्रावर किटल्यांचा आवाज होतो, तेव्हा गाव जागे होते. हंगामात भोंग्यावर घड्याळे लावली जातात. वाऱ्यावर मळीचा वास येतो; पाहुणा नाक मुरडतो, गावकऱ्याला तो जाणवतही नाही. बाजारपेठेत सराफाच्या पेढीशेजारी ट्रॅक्टरचे दालन असते. उसाचे बिल जमा झाले की दोन्हीकडे गर्दी होते. मुलांना शाळेत नेणारी पिवळी बस मळ्याच्या वस्तीपर्यंत जाते.

या गावात माणूस अनामिक नसतो, हे सर्वांत मोठे सुख. कुणाच्या घरी रात्री कोणी आजारी पडले, तर गाडी काढायला शेजारी धावतो. मयताला गाव थांबते. अखंड हरिनाम सप्ताहाची वर्गणी मागावी लागत नाही. आषाढवारीत माउलींची पालखी फलटणला आणि तुकोबांची पालखी अकलूजला येते, तेव्हा ही गावे अंथरूण-पांघरुणासह उभी राहतात. ज्याच्या अंगणात दिंडी उतरते, तो स्वतःला भाग्यवान समजतो. लाखो अनोळखी माणसांना जेवू घालणारी ही व्यवस्था कोणत्याही सरकारी आदेशाने चालत नाही. हिंदू समाजाची ती सहज प्रकृती आहे.

मात्र ज्या गावात सर्वांना सर्व ठाऊक असते, तेथेच काही गोष्टी ठाऊक असूनही बोलल्या जात नाहीत. अशा तीन गोष्टींचा उच्चार येथे करणे आवश्यक आहे.

बंद खोल्यांचे बंगले

पहिली गोष्ट सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. नव्या वसाहतीत दुमजली बंगले आहेत. त्यांपैकी अनेकांचा वरचा मजला वर्षातून दोनदाच उघडतो, गणपतीत आणि दिवाळीत. मुलगा हिंजवडीला असतो किंवा परदेशात. आईवडिलांना काही कमी पडू नये म्हणून त्याने घरात कॅमेरे बसवलेले असतात. दूर देशी बसून तो भ्रमणध्वनीवर पाहतो की बाबांनी औषध घेतले, आई देवघरात बसली आहे. त्याच्या मायेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु कॅमेऱ्याला हात नसतात. पडलेल्या वृद्धाला उठवायला शेवटी शेजारीच यावा लागतो. मुलांनी बाहेर जावे, कर्तृत्व गाजवावे, यासाठीच तर या गावांनी शाळा काढल्या. प्रश्न इतकाच, की गेलेल्यांच्या मागे राहिलेल्यांचे कुटुंब आता कोण?

न जन्मलेल्या मुली

दुसरी गोष्ट अधिक कटू आहे. २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या महाराष्ट्रात ९१३ होती. समृद्ध कोल्हापुरात ती ८३९ होती आणि सांगलीत ८५१. २०११ मध्ये या दोन जिल्ह्यांत थोडी सुधारणा होऊन आकडे ८६३ आणि ८६७ झाले. मात्र राज्याचा आकडा घसरून ८९४ वर आला. त्याच वेळी वनवासीबहुल गडचिरोलीत हे प्रमाण ९६० च्या आसपास होते. ज्या जिल्ह्याला मागास म्हटले जाते, तेथे मुलगी जन्माला येते. आणि जेथे देवीच्या नवरात्राला लाखोंची रोषणाई होते, तेथे ती गर्भातच हरवते. हा विरोधाभास कोणत्याही धर्मनिष्ठ माणसाला अस्वस्थ करणारा आहे.

कायद्याची उणीव नव्हती. गर्भलिंग चाचणीविरुद्ध देशात सर्वांत आधी, १९८८ मध्ये, महाराष्ट्रानेच कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये झाला. तरीही सोनोग्राफीचे यंत्र खेड्याजवळ पोहोचले ते पैसा पोहोचला तेथेच. मुलगा हवा, याचे कारण केवळ पिंडदानाची भावना नाही. बागायती जमीन हेही आहे. एकराची किंमत वाढली तशी वाटणीची भीतीही वाढली. महाराष्ट्रात १९९४ मध्ये आणि देशभर २००५ मध्ये कायद्याने मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क दिला. त्यानंतर गावोगाव काय घडले? बहिणीला साडी नेसवून हक्कसोड पत्रावर सही घेतली जाते. माहेर तुटू नये म्हणून ती सही करते. भाऊबीज करणाऱ्या समाजाने या सहीचा विचार एकदा शांतपणे करायला हवा.

याची फळे आता दारात आली आहेत. दहा एकर बागायत, पक्के घर, दारात चारचाकी असूनही पस्तिशी ओलांडलेला अविवाहित तरुण प्रत्येक गावात आहे. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात अशा तरुणांनी नवरदेवाच्या वेशात, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला. वृत्तपत्रे वाचून लोक हसले. वास्तविक तो हसण्याचा विषय नव्हता. मुलींना नोकरीवाला मुलगा हवा असतो, हे त्याचे एक कारण असेल. परंतु ज्या मुली जन्मल्याच नाहीत, त्यांची उणीव हेही कारण आहे, आणि त्याला मुलीच्या अपेक्षा जबाबदार नाहीत.

कोपीतले वारकरी

तिसरी गोष्ट गावाच्या वेशीबाहेर आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, जालना, पाथर्डी, शेवगाव या भागांतून ट्रक आणि बैलगाड्या येतात. उसाच्या पाचटाच्या आणि ताडपत्रीच्या कोप्या उभ्या राहतात. नवरा-बायकोच्या जोडीला येथे ‘एक कोयता’ म्हणतात. जिवंत कुटुंबाला हत्याराचे नाव देणारी ही भाषा इतकी रुळली आहे, की ती खटकतही नाही. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी हा कोयता पहाटेच्या काळोखात फडात उतरतो. एका दिवसाचा खाडा झाला तरी पैसे कापले जातात. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड भगिनींच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न पुढे आला आणि राज्य शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. पाळीच्या दिवसांतही खाडा परवडत नाही, म्हणून शरीराचा अवयवच काढून टाकण्याची वेळ आली, असे या भगिनींपैकी काहींनी सांगितले. साखरेचा प्रत्येक दाणा या घामातून येतो.

हे लोक परके आहेत काय? यांपैकी अनेकांच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. भगवानबाबांच्या भगवानगडाचे ते भक्त आहेत. आषाढात पंढरीची वाट चालताना ज्याच्या पायावर गाव डोके ठेवते, ज्याला ‘माउली’ म्हणून जेवू घालते, तोच कार्तिकानंतर त्याच रस्त्याने कोयता घेऊन येतो, तेव्हा त्याचे नावही कुणी विचारत नाही. माणूस तोच, माळ तीच, विठ्ठलही तोच. बदलतो तो गावाचा दृष्टिकोन. समरसतेची कसोटी मंचावरील भाषणात नसते. ती या चार महिन्यांत वेशीबाहेर लागते.

अर्थाचा अभाव आणि अर्थाचा प्रभाव

एप्रिल १९६५ मध्ये पं. दीनदयाळ उपाध्याय यांनी मुंबईत चार व्याख्यानांतून एकात्म मानवदर्शन मांडले. अर्थाचा अभाव जसा धर्माला बाधक, तसाच अर्थाचा प्रभावही बाधक, हा त्यातील एक महत्त्वाचा विचार. मागच्या पिढ्यांनी अभावाशी झुंज दिली आणि ती जिंकली. आजच्या पिढीसमोर प्रभावाशी झुंजण्याचा प्रसंग आहे. ही लढाई अधिक अवघड, कारण येथे शत्रू बाहेर नाही. पैशाने कॅमेरा येतो, पण सोबत येत नाही. पैशाने वंशाचा दिवा निवडता येतो, पण घर उजळत नाही. पैशाने मजूर मिळतो, पण बंधुभाव मिळत नाही.

यावर उपाय दिल्ली-मुंबईत शोधण्याची गरज नाही. ते याच गावात आहेत. शाखेतील चार तरुणांनी आठवड्यातून एक संध्याकाळ एकट्या राहणाऱ्या वृद्धांकडे जाऊन बसावे. औषधांची चौकशी करावी, विजेचे बिल भरून द्यावे आणि मुख्य म्हणजे त्यांचे बोलणे ऐकावे. हंगाम सुरू होताच कोप्यांवर जाऊन मुलांची यादी करावी आणि ती जवळच्या जिल्हा परिषद शाळेत बसतील असे पाहावे. गावातील डॉक्टरांनी पंधरा दिवसांतून एक दुपार तेथे द्यावी. पाणी आणि शौचालये यांचा आग्रह सभासदांनीच कारखान्याच्या वार्षिक सभेत धरावा, कारण कारखाना त्यांचाच आहे. मकर संक्रांत ऐन हंगामात येते. त्या दिवशी गावातील सुवासिनींनी हळदीकुंकवाचे तबक घेऊन कोपीवर जावे आणि फडातून परतलेल्या भगिनीच्या हाती तिळगूळ ठेवावा. त्यासाठी कोणत्याही योजनेची मंजुरी लागत नाही.

आणि प्रत्येक कुटुंबप्रमुखाने एक संकल्प घरातच करावा. घरात मुलगी जन्मली तर पेढे तितकेच वाटले जातील, आणि वाटणीच्या वेळी तिच्यापुढे हक्कसोड पत्र ठेवले जाणार नाही. हा संकल्प सर्वांत कठीण आहे, कारण तो स्वतःच्या सातबाऱ्याला हात घालतो. पण जो संकल्प सातबाऱ्यापाशी थांबतो, त्याला संकल्प म्हणता येत नाही.

पाऊण शतकापूर्वी या शिवारांतील शेतकऱ्यांनी, हाती फारसे काही नसताना, एकमेकांवर विश्वास ठेवून कारखाने उभे केले. आज हाती पुष्कळ आहे. त्या विश्वासाच्या वर्तुळात म्हातारे आईबाप, जन्मू पाहणारी लेक आणि वेशीबाहेरचा ऊसतोड बांधव यांना सामावून घेतले, तर हे गाव केवळ सुखवस्तू राहणार नाही. ते सुसंस्कृत होईल. पुढच्या हंगामाचे ट्रक येतील, तेव्हा त्याची परीक्षा होईलच.